गुण कशाने आला?

संसर्गाने होणारे बहुतेक आजार औषधाविना बरे होतात. सर्दी, गोवर, कांजिण्या, डेंगी यांचे बहुसंख्य रोगी स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या बळावर उठून बसतात. पटकी, घटसर्प, प्लेग अशा घातक रोगांतूनही, त्यांवर औषध नव्हते त्या काळात, कित्येक जण वाचत असत. म्हणूनच या रोगांवरील उपचारांची पारख अवघड असते. तापाच्या पाचव्या दिवशी काढा दिला आणि सातव्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय काढ्याला जाते. डॉक्टरच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते आणि ती खोडून काढणे कोणालाच जमत नाही, कारण काढा दिला नसता तर काय झाले असते हे त्या एका रोग्यापुरते कधीच कळणार नसते. साथ तर आणखी चकवते. ती चढते तशी उतरते, आणि उतरत्या साथीत जे द्यावे ते लागू पडल्यासारखे दिसते. शिवाय सुरुवातीला अत्यवस्थ रोगीच रुग्णालयात येतात, पुढे साधे रोगीही दाखल होऊ लागतात, आणि उपचारात काडीचाही बदल न होता मृत्यूचे शेकडा प्रमाण घटते.

या चकव्यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे. एकाच काळात, एकाच ठिकाणी, सर्व बाबतींत सारख्या अशा रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला रूढ उपचार, आणि दोन्हींचा हिशेब शेवटपर्यंत ठेवायचा. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात फार विरोध सहन करत आली आहे. हाताशी औषध असताना निम्म्या रोग्यांना ते न देणे म्हणजे निर्दयपणा, हा आक्षेप सव्वाशे वर्षे जुना आहे. नव्या औषधाने तरतो की मरतो हे जोवर ठाऊक नाही, तोवर कोणता गट सुदैवी आहे हेही ठाऊक नसते, ही बाब या आक्षेपात नेहमी गळते.

१८९६ साली घटसर्पावरच्या सिरमचा युरोपात बोलबाला होता. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयातील तरुण डॉक्टर योहानेस फिबिगर यांना मात्र आधीच्या आकडेवारीवर विश्वास ठेवता येईना. त्यांनी वर्षभर असा नेम पाळला की एका दिवशी दाखल झालेल्या रोग्यांना सिरम टोचायचे, दुसऱ्या दिवशी आलेल्यांना नेहमीचीच शुश्रूषा द्यायची. मे १८९७पर्यंत ४८४ रोगी झाले. सिरम मिळालेल्या २३९पैकी ८ दगावले, न मिळालेल्या २४५पैकी ३०. सिरम खरेच उपयोगी होते, आणि आता ते कितपत उपयोगी आहे हेही सांगता येत होते.

त्याच सुमारास मुंबई प्लेगने हवालदिल झाली होती. आर्थर रोड रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी इटलीतील शास्त्रज्ञ लुस्टिग यांचे प्लेगविरोधी सिरम एकाआड एक रोग्याला टोचून त्याची परीक्षा घेतली. प्लेग म्हटला की मराठी वाचकाला रँड, चापेकर आणि घरझडत्या आठवतात. याच मुंबईत जगातल्या सुरुवातीच्या तुलनात्मक चाचण्यांपैकी एक झाली, याची आठवण जवळजवळ कोणालाच नाही.

एकाआड एक या पद्धतीत एक भोक होते. पुढच्या रोग्याची पाळी कोणती हे डॉक्टरला आधीच कळते. दारात आलेला रोगी फारच खंगलेला असेल आणि पाळी सिरमची असेल, तर त्याला दाखल करून घ्यावे की नाही याचा निर्णय नकळत कलतो. लबाडीची गरज नसते, कणव पुरेशी असते. हे भोक बुजवले ते ब्रिटनमध्ये, १९४७ साली, क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून प्रत्येक रोग्याचा गट ठरवला आणि तो बंद पाकिटात ठेवला. पाकिटावर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. रोगी चाचणीसाठी पात्र आहे असा निर्णय झाल्यावरच पाकीट उघडायचे. दोन्ही फुप्फुसांना झपाट्याने वाढणारा क्षय झालेले १०७ तरुण रोगी निवडले गेले. ५५ जणांना औषध आणि अंथरुणातली विश्रांती, ५२ जणांना विश्रांतीच. तुलनागटाला खोटी इंजेक्शने दिली नाहीत, कारण दर सहा तासांनी एक याप्रमाणे चार महिने निष्कारण सुया टोचणे कोणालाच पटले नाही. पण क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना चित्र कोणत्या गटातल्या रोग्याचे आहे हे सांगितले जात नव्हते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ मृत्यू होते, तुलनागटात १४.

महायुद्धानंतरच्या त्या काळात ब्रिटनजवळ अमेरिकन औषध विकत घेण्यापुरते डॉलर नव्हते; जे होते ते सर्वांना पुरणार नव्हते. त्यामुळे चिठ्ठ्या टाकणे अन्याय्य आहे असा आक्षेप टिकू शकला नाही. तुलनागटातल्या रोग्यांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगण्यात आले नव्हते, ही गोष्ट मात्र आज कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही.

या चाचणीचा खरा धडा तिच्या उत्तरार्धात आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. पाच वर्षांनी पाहिले तर औषध मिळालेल्या ५५पैकी ३२ जण मरण पावले होते आणि न मिळालेल्या ५२पैकी ३५. सहा महिन्यांचा डोळे दिपवणारा फरक जवळपास विरून गेला होता. बऱ्याच रोग्यांच्या शरीरातले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले होते. रक्तदाब किंवा सांधेदुखीवरच्या औषधाला असा धोका नसतो. तिथे औषध आणि शरीर एवढे दोघेच असतात. संसर्गात जंतू हा तिसरा भिडू आहे, आणि तो बदलतो. त्यामुळे इथे औषध आज चालते का एवढे विचारून भागत नाही, ते किती दिवस चालेल हेही विचारावे लागते. स्ट्रेप्टोमायसिनला पास या दुसऱ्या औषधाची जोड दिली तर प्रतिरोध पुष्कळ टळतो, हे १९५०च्या चाचणीने दाखवले. आजही क्षयरोग्याला तीन-चार औषधे एकत्र दिली जातात, त्याचा उगम तिथे आहे.

औषध मिळाले, पण ते कुठे घ्यायचे हा प्रश्न भारतासाठी औषधाइतकाच मोठा होता. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवावे, मोकळी हवा, दूध-अंडी आणि पूर्ण विश्रांती द्यावी, हा वैद्यकाचा दृढ समज होता. मिरज, औंध, शिवडी इथली क्षयरुग्णालये याच विचारातून उभी राहिली. देशात रोगी लाखांनी होते आणि खाटा हजारांनी. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र काढले. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली १९३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट झाले. दोघांनाही वर्षभर आयसोनियाझिड आणि पास ही तीच औषधे. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या घरी.

घरी म्हणजे मद्रासच्या गरीब वस्तीतल्या दाटीच्या खोलीत. खाणे बेताचे, विश्रांतीचे नाव नाही, बाईमाणूस असेल तर चूलही सुटत नाही. केंद्रातील कर्मचारी अचानक घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरेच पोटात गेले आहे का हे पाहत. वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रोग्यांचा आजार शांत झाला होता. आहार, हवा, विश्रांती या सगळ्यांची बाजू एका गटाला इतकी अनुकूल असूनही फरक एवढाच. घरातल्या माणसांना लागण वाढेल ही भीतीही पुढच्या पाच वर्षांच्या पाहणीत खरी ठरली नाही. ज्यांना लागण व्हायची ती बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेली होती.

१९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि सॅनेटोरियमच्या कल्पनेचा पायाच ढासळला. भारताची गावोगाव पोचणारी क्षयरोग योजना याच आधारावर उभारता आली. या चाचणीत नवे औषध एकही नव्हते. कोणत्याही कंपनीला तिच्यातून पैसा मिळणार नव्हता. तरीही विसाव्या शतकात क्षयरोग्यांच्या आयुष्यात तिच्याइतका फरक फार थोड्या चाचण्यांनी घडवला असेल, कारण तिने विचारलेला प्रश्न रोग्याच्या परिस्थितीतून आलेला होता. चाचणीची थोरवी गणिताच्या बारकाव्यात शोधणाऱ्यांनी मद्रासकडे पुन्हा पाहायला हवे.

प्रश्न योग्य असूनही उत्तर मोजायला चुकीची फूटपट्टी घेतली की काय होते, हे क्षयरोगातच पुढे दिसले. सहा महिन्यांचा उपचार चार महिन्यांवर आणता आला तर अर्ध्यावर औषध सोडणारे कमी होतील, म्हणून मॉक्सिफ्लॉक्सॅसिनवर मोठी आशा होती. उंदरांत ते प्रभावी ठरले होते. माणसांतही थुंकीतले जंतू लवकर नाहीसे होत होते. २०१४ साली १,९३१ रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा थुंकी खरोखरच लवकर स्वच्छ झालेली आढळली, पण चार महिन्यांनी औषध थांबवलेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. सहा महिन्यांच्या गटात ९२ टक्के यश, चार महिन्यांच्या दोन गटांत ८५ आणि ८०. थुंकी हा अंदाजाचा निकष होता, आजार मुळापासून जाणे हा खरा. खऱ्या निकषाला दीड-दोन वर्षे थांबावे लागते आणि थांबणे महाग पडते, म्हणून अंदाजाच्या निकषाचा मोह सुटत नाही. २०२१ साली रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला चार महिन्यांचा उपचार शेवटी सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, पण तोही अडीच हजारांवर रोग्यांची तुलना करूनच.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात घाई समजण्यासारखी आहे. तिथे रूढ उपचार दीड-दोन वर्षांचा होता आणि त्यातल्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेने डिसेंबर २०१२मध्ये मंजुरी दिली ती थुंकी स्वच्छ होण्याच्या वेगावर. ज्या चाचणीवरून ही मंजुरी मिळाली तिच्यातच बेडाक्विलिन घेतलेल्या ७९पैकी १० जण मरण पावले होते आणि तुलनागटातल्या ८१पैकी २. वापर वाढल्यावर ही भीती खरी ठरली नाही, उलट या औषधाने जीव वाचतात असेच दिसून आले. पण तोपर्यंतची काही वर्षे अनेक देशांतले डॉक्टर ते लिहून द्यायला कचरत राहिले. मंजुरीआधीची चाचणी मोठी असती तर हा संशयाचा काळ टळला असता. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १०९ रोग्यांना बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड एकत्र देऊन ९० टक्के यश मिळाले. तुलनागट नव्हता. ज्या रोगात पूर्वी बहुतेक रोगी मरत, तिथे इतका मोठा फरक तुलनेवाचूनही दिसतो, हा युक्तिवाद इथे मान्य करायला हवा. मात्र लिनेझोलिडच्या मोठ्या मात्रेने दहातल्या आठ रोग्यांच्या नसांना इजा झाली. मात्रा किती कमी करता येईल हे ठरवायला वेगवेगळ्या मात्रांची तुलना पुन्हा करावीच लागली. २०२२ साली उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत या तिघांना मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची जोड दिली, तेव्हा उपचार फसण्याचे प्रमाण ११ टक्के होते. जुन्या पद्धतीत ४८. भारताने सहा महिन्यांच्या या उपचाराला सप्टेंबर २०२४मध्ये मान्यता दिली.

क्षयरोगाची चाल संथ आहे, त्यामुळे विचार करायला उसंत मिळते. साथीत ती नसते, आणि साथीच्या दिवसांत चाचण्यांचा विचार करू नये, हाताशी आहे ते द्यावे, असा सूर हमखास निघतो. पश्चिम आफ्रिकेतील २०१४च्या इबोला साथीत हा वाद टोकाला गेला आणि कोणत्याच औषधाबद्दल ठोस उत्तर न मिळता साथ ओसरली. काँगोत पुढची साथ आली तेव्हा झां-जाक मुयेंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०१८पासून चार औषधांची समोरासमोर तुलना केली. गोळीबार आणि उपचारकेंद्रांवरचे हल्ले चालू असताना ६८१ रोगी त्यात सामील झाले. कोणालाही औषधाविना ठेवले नव्हते. दोन प्रतिपिंड-औषधांच्या गटांत मृत्यू सुमारे ३४-३५ टक्के होते, उरलेल्या दोन गटांत ५०च्या आसपास. त्या उरलेल्या दोहोंत एक होते रेमडेसिविर.

हे नाव महाराष्ट्रात एप्रिल २०२१मध्ये घरोघरी पोचले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन औषध दुकानांपुढे रात्रभर रांगा लावत होते, एकेका कुपीसाठी काळ्या बाजारात भरमसाट पैसे मोजत होते. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२०मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचा अंतरिम निकाल आला होता. रेमडेसिविर मिळालेल्या २,७४३ रोग्यांपैकी ३०१ दगावले होते, न मिळालेल्या २,७०८पैकी ३०३. या चाचणीच्या भारतातील भागाचे समन्वयन पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होते. म्हणजे उत्तर शोधणारे आणि रांगेत उभे असलेले एकाच शहरात होते. व्हेंटिलेटरवर नसलेल्या रोग्यांत थोडा फायदा होतो, असे नंतरच्या अंतिम आकड्यांत दिसले. पण त्यासाठी दागिने मोडावेत इतका तो कधीच नव्हता. लोकांना दोष देता येत नाही, चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली होती.

प्लाझ्माची कथा याहून बोलकी आहे. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे असतात, ती आजाऱ्याला दिली तर उपयोग व्हावा, हा तर्क शास्त्राला धरून होता. महाराष्ट्र शासनाने जून २०२०मध्ये ‘प्लॅटिना’ प्रकल्पाची घोषणा केली, दात्यांना आवाहने झाली. तोवर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभरातील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर तुलनात्मक चाचणी सुरू केलेली होती. आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्माच्या गटात १९ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १८. सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी, साथीच्या ऐन धामधुमीत, जगाच्या आधी दिलेले हे उत्तर अभिमान बाळगावा असे होते. केंद्राच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे २०२१मध्ये. मधल्या काळात दाते शोधण्यात कुटुंबांची किती दमछाक झाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने एका स्वस्त, जुन्या औषधाला न्याय दिला. डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, निव्वळ प्राणवायूवर असलेल्यांत २६ वरून २३वर. प्राणवायूची गरज नसलेल्यांत फायदा दिसला नाही. तिथले आकडे, १४ आणि जवळपास १८, उलट्या दिशेला झुकणारे होते. जून २०२०मध्ये जगभर बातमी गेली ती पूर्वार्धाची. दुसऱ्या लाटेत सौम्य आजाराच्या माणसांनीही घरबसल्या स्टेरॉइड घेतले, मधुमेह्यांची साखर बेसुमार वाढली, आणि त्यापाठोपाठ काळ्या बुरशीने जबडे आणि डोळे गेलेल्या रोग्यांनी महाराष्ट्रातली रुग्णालये भरली. बुरशीला इतरही कारणे होती, पण निष्कारण दिलेले स्टेरॉइड त्यातले एक ठळक कारण होते. चाचणीने कोणाला द्यावे हे सांगितले होते तसे कोणाला देऊ नये हेही सुचवले होते.

तुलनेची बाजू इतकी भक्कम असली तरी तिच्या नावाखाली झालेले अपराध खरे आहेत. नायजेरियातील कानो इथे १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत फायझरने २०० मुलांवर ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिनची चाचणी घेतली. पालकांची संमती नीट घेतली नाही, तुलनेच्या औषधाची मात्रा कमी ठेवली, असे आरोप झाले. कंपनीने ते नाकारले, आणि २००९ साली साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे २००३मध्ये त्याच भागात पोलिओ लसीवर बहिष्कार पडला, त्यामागे या अविश्वासाचाही वाटा होता असे मानले जाते. भारतातही चाचण्यांतल्या मृत्यूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१३पासून भरपाई व संमतीचे नियम कडक होत २०१९च्या नव्या नियमावलीपर्यंत आले. सहीच्या कागदापलीकडे आणखी एक प्रश्न उरतो: ज्यांच्या शरीरावर औषध पारखले त्यांना ते मिळते का? बेडाक्विलिनचे पेटंट आणखी काही वर्षे लांबवण्याचा प्रयत्न भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३मध्ये फेटाळला. त्याविरुद्ध अर्ज केला होता क्षयातून वाचलेल्या दोन स्त्रियांनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेतील. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांनी हिरावून घेतली होती.

चाचणीत कोणाला घेतले यापेक्षा कोणाला वगळले हा प्रश्न कमी विचारला जातो. गर्भवतींना धोका नको म्हणून त्यांना बहुतेक चाचण्यांपासून दूर ठेवले जाते. औषध मात्र पुढे त्यांनाही दिले जातेच. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड द्यावे, अशी शिफारस बरीच वर्षे होती आणि ती गर्भवतींनाही लागू होती. ते गरोदरपणात द्यावे की बाळंतपणानंतर, याची तुलना शेवटी आठ देशांतील ९५६ स्त्रियांच्या सहभागाने झाली. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्यात होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गर्भपात, मृतजन्म, कमी वजन अशा गुंतागुंतींचे प्रमाण गरोदरपणी औषध घेतलेल्यांत २३.६ टक्के होते, नंतर घेतलेल्यांत १७. हा फरक औषधामुळेच पडला का, यावर तज्ज्ञांत एकमत झाले नाही, कारण काही निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास उलट सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शिकेत जुनी शिफारस कायम ठेवली.